टाकली तिला, आणि त्याग म्हणे तिने केला

मराठीत नवऱ्याने सोडलेल्या बाईला 'टाकलेली' म्हणतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस संगमनेर परिसरात समता आंदोलनाने परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला, तेव्हापासून आपण सगळ्याजणी एक गोष्ट सांगत आलो आहोत. बाई घरातून गेली एवढ्यावरून तिने घर सोडले असे ठरत नाही. तिला कोणी घालवले, परतीचे दार कोणी लावून घेतले, हे विचारल्याशिवाय निवाडा करता येत नाही. पोटगीच्या दाव्यात नवऱ्याच्या वकिलाचा पहिला मुद्दा ठरलेला असतो : 'ती स्वतःहून निघून गेली.' त्याला उत्तर द्यायला आपल्या केंद्रांमधल्या कार्यकर्त्या आता चांगल्या तयार झाल्या आहेत.

हाच मुद्दा आता आणखी एका कचेरीत उभा राहतो, आणि तिथे मात्र आपली तयारी फार तोकडी आहे. लग्न करून अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, कॅनडात गेलेली, तिथली कायम रहिवासी झालेली बाई काही कारणाने भारतात येते आणि वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ इथेच अडकून पडते. परत निघते तेव्हा तिला सांगितले जाते की तू तुझ्या रहिवासाचा त्याग केला आहेस. इंग्रजी कायद्यात यासाठी जो शब्द आहे, तोच शब्द बायकोला टाकून देण्यासाठीही वापरतात. म्हणजे नवऱ्याने बाईला टाकले, आणि कागदावर नोंद झाली की बाईनेच देश टाकला!

हा प्रश्न वकिलांवर सोडून भागणार नाही, कारण तो मुळात बाईच्या इच्छेचा आहे. तिची इच्छा कोणती, हे कोण ठरवते?

आधी नियम काय आहे ते पाहू. अमेरिकेचेच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडच्या मुली तिथे मोठ्या संख्येने जातात. ग्रीनकार्ड मिळालेली व्यक्ती देशाबाहेर १८० दिवसांपेक्षा जास्त राहिली, की परत येताना तिची नव्याने चौकशी होऊ शकते. एक वर्षापेक्षा जास्त राहिली, आणि जाण्यापूर्वी तिने पुनःप्रवेशाचा परवाना काढलेला नसला, तर नुसते कार्ड दाखवून तिला परत येता येत नाही. हा परवाना साधारण दोन वर्षांचा असतो, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. इथे येऊन पडल्यावर तो करता येत नाही.

वर्ष उलटून गेलेल्या माणसासाठी एक वाट ठेवलेली आहे. तिला 'परतणाऱ्या रहिवाशाचा' व्हिसा म्हणतात. कागदोपत्री तिचे नाव एसबी-१. त्यासाठी वकिलातीत डीएस-११७ नावाचा अर्ज भरायचा आणि तीन गोष्टी सिद्ध करायच्या. निघताना मी कायम रहिवासी होते. परत येण्याच्या इराद्यानेच मी निघाले आणि तो इरादा मी कधी सोडला नाही. मुक्काम लांबला तो माझ्या हाताबाहेरच्या कारणांनी, ज्यांना मी जबाबदार नव्हते. अर्ज नाकारला गेला तर त्यावर रीतसर अपील नाही. मग उरतो एकच मार्ग : नव्याने सगळी प्रक्रिया. आणि बायको म्हणून गेलेल्या बाईसाठी नव्याने प्रक्रिया म्हणजे नवऱ्याने पुन्हा अर्ज करणे. ज्याने दार लावले, किल्ली पुन्हा त्याच्याच हातात.

वाचताना हा नियम कोणालाही न्याय्य वाटेल. खरोखरच जो माणूस तिकडे राहत नाही, कार्ड फक्त तिजोरीत ठेवतो, त्याला रहिवासी का म्हणायचे? पण हा नियम गृहीत धरून चालतो की निघणारा माणूस स्वतःच्या मर्जीने निघतो, तिकीट स्वतः काढतो, कागद स्वतःजवळ ठेवतो आणि परतीची तारीख स्वतः ठरवतो. मैत्रिणींनो, आपल्या ओळखीतल्या किती बायकांना हे वर्णन लागू पडते?

बाई परत येते ती का, ते जरा डोळ्यांपुढे आणा. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत. तिकडे मदतीला कोणी नसते, खर्च अफाट असतो, म्हणून सातव्या महिन्यात तिला पाठवले जाते. किंवा सासूला अर्धांगाचा झटका येतो. मुलाची नोकरी तिकडे, म्हणून सेवेला सून इकडे. किंवा नवरा म्हणतो, 'दोन महिने आईकडे जाऊन ये, मन शांत होईल.' विमानतळावर उतरल्यावर कागदपत्रे 'नीट ठेवतो' म्हणून सासरे घेतात, किंवा नवराच आठवडाभर राहून तिचा पासपोर्ट आणि कार्ड खिशात घालून एकटा परततो. मग फोन कमी होतात, पैसे थांबतात, आणि एके दिवशी तिकडच्या न्यायालयाची घटस्फोटाची नोटीस येते. ती नोटीस येईपर्यंत ही बाई रोज 'बोलावतील' म्हणून वाट पाहत असते. माहेरचे लोकही तेच सांगतात : घाई करू नकोस, वकिलाकडे जाऊ नकोस, संसार मोडेल. या 'थांब जरा' मध्ये ते एक वर्ष निघून जाते. कायद्याच्या लेखी तो तिच्या गैरहजेरीचा काळ असतो. तिच्या लेखी तो संसार वाचवण्याचा काळ असतो.

आणखीही एक बाई आहे, जिची दखल कोणीच घेत नाही. ती म्हणजे आजी. मुलाने किंवा मुलीने आईला ग्रीनकार्ड काढून दिले, नातवंडे तिने वाढवली. मग इकडे नवरा आजारी पडला, किंवा तिचेच गुडघे गेले, म्हणून ती नाशिकला-साताऱ्याला आली. दोन वर्षांनी नवरा गेला. आता एकटी कुठे राहायची? आयुष्याची दहा वर्षे तिने ज्या घरात राबून काढली, त्या घराच्या देशात तिला परत जायचे तर तिने 'हाताबाहेरची कारणे' सिद्ध करायची. नवऱ्याच्या आजारपणात शेजारी बसणे हे हाताबाहेरचे होते की तिच्या मर्जीचे? आपल्या घरांमध्ये हा प्रश्न बाईला कधी विचारला जातो का?

अमेरिकेतल्या निकालांतही या प्रश्नाची दोन तोंडे दिसतात. १९८८ साली तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळाने 'ह्वांग' नावाने ओळखला जाणारा निकाल दिला. नवऱ्याच्या कामा-शिक्षणापायी जपानमध्ये राहिलेल्या बाईने आपला रहिवास सोडला आहे, असे त्यात ठरले. परत जायची इच्छा बोलून दाखवणे पुरेसे नाही, राहणे खरोखर तात्पुरते असले पाहिजे, असे मंडळाचे म्हणणे. नवऱ्याचा मुक्काम लांबला, म्हणून तिचाही लांबला. कार्ड मात्र तिचे गेले. याच्या उलट २००५ साली सहाव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने 'हाना' खटल्यात एका इराकी बाईच्या बाजूने निकाल दिला. कुटुंबाचा तिकडे येण्याचा मार्ग मोकळा होईपर्यंत त्यांच्यासोबत राहायला आणि मरणाच्या दारात असलेल्या सासूची सेवा करायला ती इराकमध्ये थांबली होती. तिने अमेरिकेतला रहिवास टाकला असे म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. सासूच्या सेवेला कायद्याच्या भाषेत वजन आहे, हे सांगणारा हा निकाल आपल्या प्रत्येक समुपदेशन केंद्राच्या फायलीत असला पाहिजे.

बाईचे राहणे नवऱ्याच्या राहण्यामागून फरफटत जाते, ही समजूत जुनी आहे आणि ती कुठल्या एका देशाची नाही. १९०७ च्या कायद्याने अमेरिकन बाईने परदेशी पुरुषाशी लग्न केले की तिचे नागरिकत्वच जाई. १९२२ साली त्यात पहिली मोठी दुरुस्ती झाली. आपल्याकडे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात लिहिलेले आहे की लग्नाने स्त्रीला नवऱ्याचे अधिवास-स्थान मिळते आणि लग्न टिकून असेपर्यंत साधारणतः ती त्याच्याच अधिवासाची. जम्मू-काश्मीरमध्ये राज्याबाहेर लग्न करणाऱ्या मुलीचा 'कायम रहिवासी' हा दर्जा जातो, अशी कित्येक वर्षे प्रशासनाची रीत होती. २००२ साली तिथल्या उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो जात नाही असे सांगितले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! तेव्हा परदेशी कायद्याकडे बोट दाखवताना आपले अंगणही झाडून घ्यावे लागेल. पण एक विसंगती लक्षात घ्या. राहायचे कुठे हे ठरवताना बाईला नवऱ्याची सावली मानायचे, आणि ती सावली मागे राहिली की मात्र तिला स्वतंत्र, सज्ञान, स्वतःच्या मर्जीची मालकीण मानून दोषी धरायचे. दोन्ही एकाच वेळी कसे चालेल?

बदल होऊ शकतो, हे इंग्लंडने दाखवले आहे. तिथे कायम राहण्याची परवानगी असलेली व्यक्ती सलग दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिली की ती परवानगी संपते आणि परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागावा लागतो. जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या बायकांची अवस्था याहून वाईट होती. नवऱ्याच्या छळाला बळी पडलेली बाई इंग्लंडमध्ये असेल तर तिला स्वतंत्रपणे कायम राहण्याचा अर्ज करता येई. पण नवऱ्याने तिला भारतात किंवा पाकिस्तानात नेऊन सोडले असेल, तर नाही. म्हणजे मारहाण केली तर कायदा तिच्या बाजूने, आणि विमानात बसवून देशाबाहेर टाकली तर नवऱ्याच्या. १९७९ पासून काम करणाऱ्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्ससारख्या संघटनांनी वर्षानुवर्षे सांगितले की हे असे टाकून देणे हीच हिंसा आहे. २०१७ सालापासून तिथल्या कौटुंबिक न्यायालयांसाठीच्या निर्देशांत घरगुती अत्याचाराच्या व्याख्येत त्याचा स्पष्ट उल्लेख आला. २०२२ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने अशा बायकांना वगळणारा नियम भेदभावाचा ठरवला. आणि ३१ जानेवारी २०२४ पासून देशाबाहेर टाकल्या गेलेल्या पत्नीला बाहेरूनच कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याची सोय झाली. हे सरकारला आपोआप सुचले नाही. बायकांनी कोर्टाची पायरी चढून ते मिळवले.

कॅनडाचा नियम दिवसांच्या हिशेबाचा आहे : पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहिले पाहिजे. नागरिक असलेल्या नवऱ्यासोबत परदेशात काढलेले दिवस त्यात धरले जातात. पण त्याने टाकल्यानंतर एकटीने काढलेले दिवस धरले जात नाहीत. तरी तिथे माणुसकीच्या कारणांचा आणि मुलांच्या हिताचा विचार करायला कायद्यातच जागा आहे आणि प्रतिकूल निर्णयावर अपीलही करता येते. अमेरिकेच्या वकिलातीतला दरवाजा त्या मानाने फार अरुंद आहे.

आपल्यातल्याच काहीजणी म्हणतील, हा मूठभर सुखवस्तू बायकांचा प्रश्न. गावात रेशनकार्डावर नाव नसलेल्या बाईपुढे ग्रीनकार्डाचे रडगाणे कशाला? हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याला नीट उत्तर देते. अमेरिकेला गेलेली मुलगी लग्नापूर्वी सुखवस्तू असेल. टाकल्यावर ती नसते. हुंडा आणि लग्नाचा खर्च यांत बापाने जमीन विकलेली असते, तिची नोकरीची वर्षे गेलेली असतात, आणि नवऱ्याची मिळकत व मालमत्ता अशा देशात असते जिथे तिला पाऊलही ठेवता येत नाही. तिकडच्या कोर्टात चाललेल्या घटस्फोटात ती हजर राहू शकत नाही, म्हणून तो एकतर्फी होतो. मूल तिकडे ठेवून घेतलेले असेल तर ते दिसतही नाही. परत जाण्याचा हक्क हाच तिच्या पोटगीचा, मुलाचा आणि स्वतःच्या रोजगाराचा पाया असतो. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर म्हणून बाईला धान्य नाही, आणि कार्ड नवऱ्याच्या खिशात म्हणून बाईला देश नाही. गोष्ट एकच आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट : ज्या माणसाने असे केले त्याच्या देशात परत जायचेच कशाला? याचे उत्तर सोपे आहे. जायचे की नाही, ते तिने ठरवावे. घरात राहण्याचा हक्क मागणारी बाई प्रत्येक वेळी नवऱ्याकडे नांदायलाच जाते असे नाही. तो देश त्याच्या बापाचा नाही. तिनेही तिथे काम केले आहे, कर भरला आहे, मूल वाढवले आहे.

आता कामाचे बोलू. अशी बाई आपल्या केंद्रात येते तेव्हा आपण हुंडा, छळ, स्त्रीधन, पोटगी याबद्दल विचारतो. त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत : तू तिथून कोणत्या तारखेला निघालीस, आणि तुझे कार्ड कुठे आहे? वर्ष पूर्ण व्हायच्या आत असेल तर वाट बरीच सोपी असते. कार्ड हरवले, चोरीला गेले किंवा काढून घेतले असेल, तर वर्षाच्या आत वकिलातीकडे आय-१३१ए हा अर्ज करून विमानात बसण्यापुरते कागद मागता येतात. 'बोलावतील' म्हणून थांबण्यात हे वर्ष घालवू देऊ नका. माहेरच्यांना हे पटवणे हेही आपलेच काम आहे.

वर्ष उलटले असेल तर पुरावा गोळा करा. परतीचे तिकीट काढलेले होते का? नवऱ्याला पाठवलेले 'मला घेऊन जा' असे निरोप आहेत का? बँकेतले खाते, तिकडची नोकरी, मुलाची शाळा, घरातले सामान, आयकराची विवरणपत्रे, यांतले काय तिच्या नावावर आहे? नवऱ्याने तिच्या वतीने ती रहिवासी नाही असे विवरणपत्र भरले असेल तर ते तिच्या विरुद्ध जाते, म्हणून ते आधीच माहीत असले पाहिजे. सासूच्या इस्पितळाचे कागद, बाळंतपणाचे कागद, डॉक्टरांचे दाखले जपा. पासपोर्ट आणि कार्ड काढून घेतल्याची पोलिसांत लेखी तक्रार त्याच आठवड्यात करा. दोन वर्षांनी केलेली तक्रार वकिलातीतल्या अधिकाऱ्याला बनाव वाटते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायद्याखाली स्त्रीधन आणि तिच्या हक्काच्या मौल्यवान वस्तू परत करण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. त्या अर्जात दागिन्यांच्या यादीच्या वर पासपोर्ट आणि कार्ड लिहा. आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की छळाची तक्रार बाई जिथे आसऱ्याला आली तिथेही करता येते. 'गुन्हा तिकडे घडला, तिकडेच जा' असे म्हणणाऱ्या ठाणे अंमलदाराला हे ठणकावून सांगा.

तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. विमानतळावर किंवा वकिलातीत आय-४०७ नावाचा कागद पुढे केला, तर तो रहिवास स्वेच्छेने सोडल्याचा कागद आहे. न वाचता त्यावर सही करायची नाही. अमेरिकेच्या दारात पोचलेल्या रहिवाशाला इमिग्रेशन न्यायाधीशापुढे आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, आणि तिने रहिवास टाकला हे तिथे सरकारला सिद्ध करावे लागते. दुसरी, लग्नाला दोन वर्षे व्हायच्या आत मिळालेले कार्ड दोनच वर्षांचे, अटीवरचे असते आणि ती अट काढायला एरवी दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. पण १९९० पासून छळ झालेल्या बायकोला तो एकटीने करण्याची सोय आहे. तिसरी, १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्याने छळ झालेल्या पत्नीला नवऱ्याशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो, आणि छळ अमेरिकेत झाला असेल तर तो भारतात बसूनही करता येतो. ही वाट अनेकींना कोणी सांगतच नाही. माहेरी बाळंत झालेल्या रहिवासी आईने हेही जाणून असावे की बाळ दोन वर्षांचे व्हायच्या आत, तिच्या पहिल्या परतीच्या प्रवासात, ते तिच्यासोबत व्हिसाशिवाय जाऊ शकते. यासाठी आईचा स्वतःचा परतीचा हक्क शाबूत असावा लागतो.

सरकारकडेही मागणी हवी. १९९४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने अनिवासी भारतीयांशी लग्न झालेल्या बायकांच्या संरक्षणासाठी कायदा करण्याची सूचना केली होती. राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून यासाठी स्वतंत्र कक्ष आहे. अनिवासींच्या विवाह नोंदणीचे विधेयक २०१९ साली राज्यसभेत आले आणि अडकले. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात सर्वंकष कायद्याची शिफारस केली. या सगळ्या चर्चेचा भर नवऱ्याला समन्स कसे पोचवायचे, पोटगी कशी वसूल करायची यावर आहे. ते हवेच. पण बाईच्या परतीच्या हक्काचे काय? महिला आयोगाच्या कक्षाने 'या बाईला तिच्या इच्छेविरुद्ध मागे ठेवले गेले आहे' असा चौकशीअंती लेखी दाखला द्यावा, आणि परराष्ट्र मंत्रालयाने संबंधित देशांशी बोलून तो त्यांच्या वकिलातींत पुरावा म्हणून मान्य करून घ्यावा, ही मागणी आपण सर्व संघटनांनी मिळून केली पाहिजे. इंग्लंडने जी वाट उघडली, तशी अमेरिकेने आणि इतरांनीही आपल्या कायम रहिवासी बायकांसाठी उघडावी, यासाठी तिथल्या स्त्री-संघटनांशी आपण जोडून घेतले पाहिजे.

आणि मुलगी परदेशी देणाऱ्या प्रत्येक घराला एक सांगणे आहे. तिच्या पेटीत साड्या आणि मसाले भरताना तिच्या सर्व कागदांची एक प्रत आईच्या कपाटात ठेवा. मुलीला सांगा, कार्ड तुझे आहे, ते तुझ्याच पर्समध्ये राहू दे. आणि कोणी 'थोडे दिवस जाऊन ये' म्हणाले, तर निघण्यापूर्वी परतीची तारीख विचार.